सभागृहातला खोकला

अकरा मिनिटं बेचाळीस सेकंदांवर कोणीतरी खोकलं. दोनदा उघड, आणि तिसरा खोकला घशातल्या घशात गिळला. माझे दोन्ही हात कणकेत होते. फोन ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. खरं म्हणजे मला गंगाधरबुवांचं जुनं कीर्तन लावायचं होतं, कणीक मळता मळता ऐकायला; अंगठा भलतीकडे पडला आणि आशयनं मार्चमध्ये पाठवलेलं पोलंडच्या वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग सुरू झालं. हात बरबटलेले, म्हणून ते बंद करता येईना. म्हटलं, वाजू दे. आधी गांधीलमाश्यांचं पोळं हलवल्यासारखी चाळीस-पन्नास व्हायोलिनं, मग पत्र्यावरून काहीतरी जड ओढत नेल्यासारखा आवाज, मग इतकी शांतता की फोन बंद पडला असं वाटावं. आणि त्या शांततेत तो खोकला. मी कणकेतून हात वर काढला आणि तसाच उभा राहिलो. "काय रे?" असं माझ्या तोंडून निघून गेलं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. बाहेर रायपूरच्या गुढियारी मालधक्क्याकडे इंजिन डबे जोडून राहिलं होतं, एकामागून एक धक्के बसत गेले, आणि फोनमधली व्हायोलिनं जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू झाली.

आशय माझा मुलगा. सहा वर्षांपासून पोझनानला असतो, पोलंडमध्ये. शिकायला गेला, शिक्षण झालं, आता एका गोदामात रात्रपाळी करतो. एवढं मला माहीत आहे, आणि तेही जुनंच. कारण दोन वर्षं दोन महिने आम्ही एकमेकांचा आवाज ऐकलेला नाही. दसऱ्याला तो सोन्याच्या पानाचं चित्र पाठवतो, मी हात जोडलेलं चित्र पाठवतो. या मार्चमध्ये मला सत्तर पूर्ण झाली, त्या दिवशी हे आलं. ना नमस्कार ना शुभेच्छा, नुसती निळी ओळ. दाबली तर हे वाद्यवृंदाचं. त्या दिवशी चाळीस सेकंद ऐकलं होतं, आणि मला राग आला होता. बापाच्या सत्तरीला हे पाठवायचं? आता वाटू लागलं की आपण ऐकलंच नव्हतं. तो खोकला आशयचा असेल, तर तो त्या सभागृहात बसलेला होता, आणि मी इथं आहे बाबा, एवढंच सांगायला त्यानं ते पाठवलं होतं, आणि मी दोन महिने त्याला दारात उभं ठेवलं होतं. शिवाय तो खोकला ओला होता. लहानपणी त्याचा खोकला कोरडा असायचा. म्हणजे पोट्टा आजारी आहे की काय? तो खोकला त्याचा असेल तर आजच फोन करायला पाहिजे. आणि नसेल, तर फोन करायला माझ्याकडे काही कारण नव्हतं, तोंडही नव्हतं. सगळं त्या तीन सेकंदांवर येऊन थांबलं होतं.

हे मला ओळखता यायला हवं. चौतीस वर्षं मी कीर्तनात पेटीची साथ केली. दिवसा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, संध्याकाळी बुवांच्या मागे. गळ्याखेरीज मी दुसरं काय ऐकलं? बुवा पद घेण्याआधी खाकरायचे, आणि त्या खाकरण्यावरून मला कळायचं की आज काळी दोन झेपणार नाही, अर्धा सूर खाली उतरावं लागेल. ते तोंड उघडायच्या आत माझी बोटं खालच्या पट्टीवर गेलेली असायची. लोकांना वाटायचं, बुवा गातात आणि रत्नाकर वाजवतो. तसं नसतं. साथ करणारा श्वासभर आधी असतो. समोरच्याच्या पाठीकडे बघत बसायचं. खांदा किंचित वर गेला की भाता ओढायचा. माणसाची पाठ आणि माणसाचा घसा, या दोन गोष्टींवर माझा जन्म गेला. चेहरे मला तेवढे कळत नाहीत. माझी बायको विनोदिनी म्हणायची, "तुम्हाले लोकाईचे गळे समजतात, घरातल्या मानसाचं तोंड समजत नाही."

आशयला मी आठव्या वर्षी झांज दिली आणि माझ्या डाव्या हाताला बसवला. ताल त्याला उपजत होता. पण छाती नाजूक. बीरगावकडून, उरल्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांकडून वारा आला की आमच्या गच्चीवर काळी भुकटी बसते. वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर बोट ओढलं तर रेघ उमटते. ती भुकटी त्याच्या छातीत जायची. त्या वर्षी पुरानी बस्तीतल्या देवळात सप्ताह होता. उत्तररंगात बुवा अशा जागी आले होते की आख्यानातली आई हरवलेल्या लेकराला हाक मारते, आणि बुवा ती हाक मारून थांबतात. काही बोलत नाहीत, गात नाहीत. बुवांची सगळी कीर्ती त्या थांबण्यात होती. चारशे माणसं बसलेली, पंखे कोणीतरी बंद केलेले, बायकांच्या बाजूला एक बांगडीसुद्धा वाजत नव्हती. मी एक सूर धरून ठेवला होता, अगदी केसाएवढा. आणि आशय खोकला. माझा एक हात पट्ट्यांवर, एक भात्यावर, दोन्ही अडकलेले. म्हणून मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते मला दिसलं नाही, त्याला दिसलं. दुसरा खोकला त्याच्या हाताबाहेर होता, तो आला. तिसरा त्यानं गिळला. डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली, पण गिळला. घरी येताना मी रिक्षात त्याला समजावलं, अगदी प्रेमानं, की खोकला आला की असाच गिळायचा, जमतं ते, सवयीनं जमतं. विनोदिनी सगळं ऐकत होती. घर आल्यावर म्हणाली, "लेकराचा खोकला बी सुरात पाहिजे का तुम्हाले?" मी हसलो होतो. मला तो विनोद वाटला होता.

तर त्या दिवशी कणीक तशीच राहिली. हात धुऊन मी फोन घेऊन खाटेवर बसलो आणि बोटानं ते रेकॉर्डिंग मागे नेलं. बोट म्हातारं, फोन छोटा; अकरा बेचाळीसवर बरोबर नेता येत नाही, कधी नऊवर जातं कधी चौदावर. शेवटी मी सुरुवातीपासूनच लावू लागलो. पूर्ण ऐकायचं, अठ्ठावीस मिनिटं, आणि मधे ते तीन सेकंद. कूलर चालू असला की खोकल्याचा तिसरा भाग ऐकू येत नाही, म्हणून कूलर बंद करायचा. बाहेर चव्वेचाळीस, खिडक्यांवर ओली पोती, घामानं बनियन पाठीला चिकटलेलं, आणि मी डोळे मिटून बसलेलो. असे किती दिवस गेले, वीस तरी. सकाळची पूजा, मग वरणभात, मग दुपारी ते. पहिल्या पाच-सहा वेळा मी नुसती वाट पाहायचो. गाडी यायच्या आधी फलाटावर इतर गोष्टी दिसतात पण दिसत नाहीत, तसं ते संगीत माझ्या समोरून जायचं. मग हळूहळू दिसू लागलं. सातव्या मिनिटाला एक घंटा आहे. एकदाच वाजते, आणि ती विझेपर्यंत कोणी काही वाजवत नाही. देवळात आपण घंटा वाजवतो आणि लगेच पुढे सरकतो, मागच्याला जागा द्यायची असते. ती शेवटपर्यंत ऐकायला कोण थांबतं? हे थांबतात. पन्नास-साठ माणसं हातातली वाद्यं धरून एका घंटेचं विझणं ऐकत बसतात.

मला सम सापडायची नाही. गाण्यात सम येते तेव्हा मान आपोआप हलते, ती हलण्याची सवय मानेला झालेली. इथं मान ताटकळून जायची. सगळे एकदम एका ठिकाणी येणार येणार असं वाटायचं आणि ते निसटून पुढे जायचे. एक दिवस मी पेटी काढली. विनोदिनी गेल्यापासून ती खोक्यातच होती. ती सुरुवातीची गांधीलमाश्यांची जागा कशी बनते ते मला पाहायचं होतं. दोन पट्ट्या दाबल्या, मग चार, मग पाचही बोटं. होईना. मग उजवा आख्खा हात कोपरापासून पट्ट्यांवर आडवा टाकला, आणि डाव्यानं भाता ओढला. पेटी ओरडली. इतक्या वर्षांत मी तिच्याशी असं कधी वागलो नव्हतो. हाताखाली सगळ्या पट्ट्या थरथरत होत्या, हाड हललं. आणि मी पुन्हा ओढला भाता. पुन्हा.

जिन्यावरून धाडधाड पावलं आली. वरच्या खोलीत अनुश्री राहते, अमरावतीची मुलगी, नव्या रायपूरला एका ऑफिसात कामाला. "काका! काका, काय झालं? पडले का तुम्ही पेटीवर?" मी म्हणालो, "नाही वो, वाजवून राहिलो." तिनं माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, बंद कूलरकडे पाहिलं. "कूलर काहून बंद? लू लागते ना अशानं! काकू असत्या तर दोन ठेवून दिल्या असत्या तुम्हाला." मग तिनं कूलर लावला, माठातलं पाणी आणून दिलं, आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली, औषध पाजतात तशी. मला तिला सांगावंसं वाटलं. पण काय सांगायचं? की परक्या देशातल्या अंधारात कोणीतरी खोकलं आणि मला वाटतं तो माझा मुलगा आहे? म्हणून एवढंच म्हणालो की हे पोलंडचं आहे, आशयनं पाठवलं. ती दोन मिनिटं ऐकत उभी राहिली. "हॉरर पिक्चरसारखं आहे काका. आशयभैयाला असलं आवडतं?" आशयला काय आवडतं हे मला खरंच माहीत नव्हतं. जाता जाता तिनं स्वतःचे हेडफोन आणून दिले, मोठे, कान झाकणारे. "हे घ्या. कूलर चालू ठेवून ऐका. अन् शेजाऱ्यांनाही जगू द्या."

हेडफोननं सगळं बदललं. एक रेकॉर्डिंग संपलं की फोन आपणहून दुसरं लावतो, तेही तिकडचंच, मग तिसरं. काही माझ्या लहानपणची, साठ-सत्तर सालातली, त्यांत मागे सूप पाखडल्यासारखी खरखर; काही अगदी हल्लीची, वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतकी स्वच्छ. नावं मला वाचता येत नाहीत. पण सभागृहं ओळखू येऊ लागली. एक आहे लाकडी जमिनीचं, तिथं खुर्च्या करकरतात. एक फार उंच असावं, तिथं आवाज वर जाऊन उशिरा खाली येतो. आणि प्रत्येकात लोक खोकतात. वाजणं थांबलं की दोन भागांच्या मधे सगळे एकदम, धरण फुटल्यासारखे, खोकून घेतात, मग पुन्हा गप्प होतात. तिकडे थंडी असते, स्वेटर घातलेले असतील, बूट भिजलेले. इतकी माणसं खोकला धरून बसतात हे मला आधी कधी सुचलंच नव्हतं. कीर्तनाला लोक पुण्य लागतं म्हणून येतात, कथा माहीत असते, शेवटी देव धावून येणार हे माहीत असतं. यांना काय माहीत असतं? पुढचा सूर कुठला तेही नाही. कोणाचं नाव घेत नाहीत, टाळी देत नाहीत, शेवटी बुक्का लावत नाही कोणी, प्रसाद नाही. तरी बसतात. माझा देव फार मोठा नाही, गुढियारीतल्या एका कोनाड्यात मावतो. पण तो मला म्हणाला असता की जिथं एवढी माणसं गप्प बसून ऐकतात, तिथं मी मागच्या ओळीत उभा असतो.

आणि त्यातही मी आशयचा खोकला शोधत राहिलो. बाकीच्या रेकॉर्डिंगांत तो कुठंच नव्हता. बायकांचे होते, जाड्या माणसांचे होते, एक मूल होतं. तसे दोन आणि एक गिळलेला, फक्त तिथं. मला खात्री होत चालली होती. आणि खात्री झाली की पाय मागे यायचे. कारण फोन करायचा म्हणजे त्या संध्याकाळपर्यंत जायचं. विनोदिनीला सकाळी झटका आला आणि संध्याकाळी ती गेली. घरात माणसं भरलेली, रेल्वेतले, मंडळातले, माझी मावसबहीण मोठ्यानं रडून राहिली होती. कोणीतरी फोन माझ्या कानाला लावला. आशय तिकडून म्हणत होता की परवाचं तिकीट मिळतंय, दोन ठिकाणी बदलून, तिसऱ्या दिवशी पोचतो. मी म्हणालो, "आता काय पाहाले येतं? नको येऊ." माझ्या मनात होतं की पोट्टा उगाच धावपळ करील, तीन दिवस विमानतळांवर एकटा रडत बसेल, आई तर गेलीच आहे. पण आवाज तसा निघाला नाही. भोवती माणसं होती, मला रडायचं नव्हतं, म्हणून मी आवाज खालच्या सुरात घट्ट धरून ठेवला. तिकडून एवढंच आलं, "ठीक आहे." आणि तो आला नाही. त्यानं माझं ऐकलं. लहानपणापासून तो माझं ऐकत आला.

एका रविवारी सकाळीच मी पुरानी बस्तीत बुवांकडे गेलो. गंगाधरबुवा आता चौऱ्याऐंशीचे, गळा पार गेलेला, अंगणात खुर्ची टाकून जाणाऱ्या-येणाऱ्यांना टोमणे मारत बसतात. पण कान अजून साबूत. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले. "हे काय, मले विमान चालवाले बसवतं का?" म्हणाले. मी सांगितलं, काही बोलू नका, मी हात वर केला की नीट ऐका. त्यांनी अकरा मिनिटं डोळे मिटून ऐकलं. मध्ये एकदा भुवई उडाली, एकदा बोटं मांडीवर काहीतरी मोजायला गेली आणि हरून थांबली. मी हात वर केला. ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढले आणि आपलं टक्कल चोळलं.

"कोन हाय?"

"तुम्ही सांगा. आशय आहे का?"

बुवा माझ्याकडे बघत राहिले. "आशय? झांजवाला?"

"तोच. तुम्ही त्याले पाहिलं आहे. सप्ताहात खोकला होता, तुम्ही थांबले होते तेव्हा."

"मले कुठचं आठवते बाबू? माह्या कीर्तनात लोकं खोकत, पोट्टे रडत, एकदा बकरी शिरली होती. मी थांबलो की कोनीतरी खोकेच. त्याच्यासाठीच थांबत होतो मी. जो खोकला त्याच्याकडं पाहून पुढचं पद उचलाचं." मग माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, ते पुढे वाकले. "अन् फोन कराले तुले खोकला कायले पाहिजे रे?"

मी म्हणालो, खात्री करून घ्यावी म्हणून.

"खात्री! तू साथवाला मानूस, रत्नाकर. दुसऱ्यानं सूर लावल्याबिगर तुही बोटं हालत नाहीत. माह्या पोरीच्या लग्नात बी जेवाले बसला नाही, मी बस म्हणेपर्यंत. पोट्टा तिकडं वाट पाहून राहिला असन का बाप कधी लावते सूर, अन् तू इकडं त्याच्या खाकरन्याची वाट पाहून राहिला." मग ते सुनेवर ओरडले, "अवं, याले चहा दे, साखर कमी घाल, आधीच गोडगोड आहे हा."

चहा पिऊन मी निघालो. ई-रिक्षात बसलो तर ऊन चढलं होतं, आणि मला इतका राग आला होता की भाडं ठरवायचंही राहिलं. जो खोकला त्याच्याकडे पाहून पुढचं पद उचलायचं. म्हणजे ती चारशे माणसांची शांतता, ती मी माझ्या मुलाच्या छातीपेक्षा मोठी मानली, ती बुवांना नकोच होती. ती फक्त मला हवी होती. एवढ्या वर्षांत हे मी त्यांना विचारलं नव्हतं. मागे बसून पाठ पाहत होतो ना, मला वाटलं मला सगळं आधी कळतं.

घरी आलो, पाय धुतले, देवासमोर उभा राहिलो पण काही म्हणालो नाही. दीड वाजला होता. पोलंडमध्ये दहा. रात्रपाळी करून तो आला असेल. मी फोन लावला आणि तो वाजतो आहे हे कळल्यावर ठेवून द्यावासा वाटला, पण तेवढ्यात उचलला गेला.

"बाबा? क्या हुआ? तब्येत बरी आहे ना?"

घाबरलेला आवाज. जाडसर झालेला, पुरुषाचा. मला वाटलं होतं त्यापेक्षा खालच्या पट्टीत. मी म्हणालो, "मी बरा आहे. तू? तुले खोकला आहे का?"

"काय?"

"खोकला. औषध घेतं का काही?"

"मला खोकला नाही बाबा. काय झालं, कोणी काही सांगितलं का?"

मग मी सांगितलं. सांगताना माझं मलाच ते वेडेपणाचं वाटत गेलं, तरी सांगितलं. मार्चमध्ये तू पाठवलं ते, त्यात अकरा मिनिटं बेचाळीस सेकंदांवर. तू तिथं होता ना? त्यानं उलट विचारलं, "बाबा, तुम्ही ते पूर्ण ऐकलं?" "हो." "अठ्ठावीस मिनिटं?" "रोज ऐकतो." तो हळू म्हणाला, "मी तर पूर्ण ऐकलंच नाही. मी नव्हतो तिथं. ते कुठल्या शहरात झालं ते पण माहीत नाही." गोदामात रेडिओ चालू असतो, म्हणाला, त्यावर हे लागलं होतं. सगळे ओरडू लागले, बदल, बदल, एकानं तर खोका फेकला रेडिओवर. "मला वाटलं, बाबा असते तर ह्यांना असे झाडले असते! वाजत असताना बोलता? म्हणून नाव पाहून ठेवलं. तुमचा बर्थडे होता. काय लिहू, ते सुचेना. ते टाकून दिलं."

मी खाटेवर बसलो. वीस दिवसांत मी त्या खोकल्याला काय काय बोललो होतो! "थांब," मी म्हणालो, "तू ऐक एकदा. तुझाच आहे." अनुश्रीचा जुना टॅब खाली माझ्याकडे असतो तो घेतला, धडपडत ते रेकॉर्डिंग त्यावर शोधून काढलं आणि फोनसमोर धरलं. या खेपेला बोट नेमकं अकरावर पडलं. आम्ही दोघं थांबलो. व्हायोलिनं विरली, आणि आला तो. एक, दोन, गिळलेला तिसरा.

"बाबा."

"हं."

"बाबा, ही बाई आहे."

"काय म्हणतं?"

"बाई आहे कोणीतरी. म्हातारी. पुन्हा लावा." मी पुन्हा लावलं. तो हसू लागला, आधी नाकातून, मग मोठ्यानं. "अहो म्हातारी आहे बाबा! सत्तर-पंच्याहत्तरची! तुमच्या वयाची! हद्द झाली, गळ्यावरून माणूस ओळखणारे तुम्ही!" आणि मीही ऐकलं, आणि खरंच ती बाई होती. ते शेवटी गिळतानाचं बारीक चिरकणं, ते पुरुषाला येत नाही. रोज दुपारी ऐकून मी ते मनातून पुसून टाकत होतो. मला हसू आलं, पोटातून आलं, टॅब हातातून खाटेवर पडला आणि तिथंच वाजत राहिला. हसता हसता मला त्या बाईचं वाईट वाटू लागलं. तिच्यासोबत कोणी आलं असेल का. घरी जाऊन गरम पाणी कोणी दिलं असेल का तिला. एवढे दिवस मी तिलाच तर विचारत होतो, बरा आहेस ना, जेवलास का, माझं चुकलं.

"पण तुझा खोकला?" मी म्हणालो.

"गेला तो. पाच वर्षं झाली. इथं आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात गेला. डॉक्टर म्हणाला धूळ होती नुसती." जणू फारसं काही नाही असं तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "आईला सांगितलं होतं मी. तुम्हाला नाही सांगितलं तिनं?"

"नाही." मग मी म्हणालो, कारण आता बोललो नाही तर पुन्हा दोन वर्षं बोलणार नव्हतो, "आशय, तवा नको येऊ म्हटलं ना मी, ते... तू याले पाहिजे होतं. मले पाहिजे होतं तू." शब्द चुकत होते, वाक्य सरळ लागत नव्हतं. कुठल्याही सुरात बसवलेलं नव्हतं ते.

टॅबवर ते चालूच होतं, सतराव्या-अठराव्या मिनिटाच्या आसपास, मोठी पितळी वाद्यं खालून वर येतात ती जागा. "बंद करू का?" म्हटलं. "राहू द्या," तो म्हणाला, आवाज भिजलेला, "आता पूर्ण ऐकतो." म्हणून मी टॅब फोनजवळ सरकवला आणि दोघंही ऐकत बसलो. तो तिकडे आडवा झाला असावा. खाट करकरली, पांघरूण ओढल्याचा आवाज आला. शेवटच्या तीन मिनिटांत जवळजवळ काहीच होत नाही, एक सूर बारीक बारीक होत जातो, कुठं संपला ते कळत नाही, आणि मग लोक टाळ्या वाजवतात. टाळ्याही संपल्या. "आशय?" मी म्हणालो. उत्तर नाही. फोनवर सेकंद पुढे सरकत होते, म्हणजे तो होता. मी कान लावला. झोपला होता. रात्रभर उभा राहून आलेला माणूस. श्वास येत होता आणि जात होता, मोकळा, छातीत कुठं काही अडत नव्हतं. इतका स्वच्छ श्वास मी त्याचा कधी ऐकला नव्हता. मला तो अनोळखी वाटला, आणि थोडा वेळ मी त्या अनोळखी माणसाच्या उशाशी बसून राहिलो.

फोनवर बॅटरीची लाल खूण आली. चार्जरचं बटण देवघराजवळच्या भिंतीत, वायर आखूड, खाटेपर्यंत पोचत नाही. मी फोन तसाच कानाशी धरून, आवाज न करता, भिंतीशी गेलो, वायर जोडली आणि तिथंच फरशीवर पाय पसरून बसलो.

जिन्यात अनुश्रीची पावलं वाजली. ती दारात येऊन काही म्हणणार, तेवढ्यात मी ओठांवर बोट ठेवलं.

"कोण आहे?" तिनं नुसत्या ओठांनी विचारलं.

"झोपला आहे," मी म्हणालो.

तिनं कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि दार लोटून घेतलं.